मुळापासून नऊ सेंटिमीटर

केस कापायला, रंगवायला, सरळ करायला आणि सरळ केलेले पुन्हा कुरळे करायला येणाऱ्या बायका हेमाने बावीस वर्षांत पुष्कळ पाहिल्या होत्या. केस मागायला आलेली मात्र ही पहिलीच.

"थोडेसेच हवेत," ती मुलगी दारातूनच म्हणाली. "पेन्सिलीच्या जाडीची बट. डोक्याच्या मागून, मानेच्या जरा वरची. आणि न रंगवलेली."

"सदाशिव पेठेत न रंगवलेले केस?" हेमा म्हणाली. "त्यापेक्षा गाडी लावायला जागा मागा, लवकर मिळेल."

मुलगी हसली आणि आत येऊन बाकावर टेकली. तिचं नाव तरन्नुम. गंज पेठेत राहायची, विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करत होती. शहराच्या निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या माणसांच्या अंगात कुठकुठले धातू जातात, ते ती केसांवरून शोधत होती. हिंजवडीतल्या हॉस्टेलांमधले नमुने झाले होते, कात्रजच्या चौकातल्या दुकानदारांचे झाले होते. आता जुन्या पेठा राहिल्या होत्या, आणि बायकांचे केस मिळायचे तर पार्लर गाठलेलं बरं, असं तिच्या मार्गदर्शकांनी सुचवलं होतं.

"पण त्यासाठी रक्त तपासतात ना?" हेमाने विचारलं. हातातलं काम थांबवून तिने खुर्चीच ओढून घेतली. जुलैची दुपार, गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"रक्त काल-परवाचं सांगतं. केसाचं तसं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना रक्तातून जे काही मुळाशी येतं, ते त्यात अडकून बसतं. एकदा बाहेर आला की त्यात आतून काही जात नाही, काही निघत नाही. म्हणजे मुळाजवळचा सेंटिमीटर हा या महिन्याचा, त्याच्या पुढचा गेल्या महिन्याचा…"

हेमाने आपला शेपटा पुढे घेतला. अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी तिचे केस काळे होते आणि कमरेपर्यंत होते. त्यांना तिने मेंदीसुद्धा लावली नव्हती. शेपट्याचं टोक तिने बोटांत धरलं.

"हे टोक मग कधीचं?"

तरन्नुमने नजरेने अंदाज घेतला. "पाच वर्षं तरी झाली असतील. कदाचित सहा."

"म्हणजे लॉकडाऊनमधलं." हेमा त्या टोकाकडे बघत राहिली. तेव्हा पार्लर बंद होतं. ती घरात बसून होती, खिडकीत कबुतरं हाकलत. ते दिवस असे पाठीवर लोंबत असतील हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. बावीस वर्षं ती रोज सुपलीभर केस झाडून टाकत होती. कोणाची दोन वर्षं, कोणाची चार.

"माझेच घ्या पहिले," ती म्हणाली.

तरन्नुमने बटेला दोरा बांधला, टाळूलगत कात्री लावली आणि बट कागदी पाकिटात ठेवताना मुळाच्या बाजूला पेनने बाण काढला. पाकिटावर नाव नाही, नुसता क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, ते तिच्या एकटीच्या वहीत.

महिनाभरात सव्वीस पाकिटं जमली. त्यांतली निम्म्याहून अधिक हेमाच्या वशिल्याची. केस द्यायला कोणी का कू केलं की ती खुर्चीमागून समजावून सांगे, आणि खुर्चीत बसलेल्या बाईला पळून जाता येत नाही. जर्मन शिकवणाऱ्या नीरजाने दिले, बँकेतल्या आम्रपालीने दिले. पार्लरची झाडलोट करणाऱ्या गोदाबाईंनीही दिले. साठीच्या गोदाबाईंचे केस पांढरे, आखूड आणि खरोखरच न रंगवलेले. "घ्या की," त्या म्हणाल्या, "त्यात काय सोनं हाय व्हय?"

"असलं तर कळेल," तरन्नुम म्हणाली.

सप्टेंबर संपत आला तेव्हा ती पुन्हा आली. या वेळी बाकावर बसली नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिली आणि मग दार लोटून घेतलं.

"हेमाताई, तुमच्याकडच्या नमुन्यांत शिसं फारसं नाही. कात्रजपेक्षा कमीच आहे. पण पारा आहे."

"पारा? थर्मामीटरमधला?"

"तोच. सव्वीसपैकी सात जणींच्या केसांत. बाकीच्यांच्या दहापट, वीसपट. बाकी पुण्यात कुठेच मला असं सापडलं नाही. मासे खूप खाणाऱ्यांच्या केसांत थोडा जास्त निघतो, म्हणून मी त्यांतल्या सहा जणींना फोन केले. पाच जणी मासे खातच नाहीत."

"कोण कोण आहेत सात?"

"ते नाही सांगता येणार. तसं लिहून दिलंय मी सगळ्यांना. एकीचं सांगू शकते, कारण तिला सांगायलाच आलेय. क्रमांक एक."

हेमाला आधी घाबरायला सुचलंच नाही. तिला वाटलं ते कुतूहल. आपल्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही आणि आपल्या डोक्यात पारा? कुठून आला, कसा आला, कोणत्या वाटेने?

"आणि बाहेरून लागला असेल तर?" तिने विचारलं. "केसांना काय, हवेतलंही चिकटतं."

तरन्नुमने तिच्याकडे चमकून पाहिलं. "माझ्या सरांनी हेच विचारलं. आम्ही केस धुतो आधी, पण धुऊन सगळंच जातं असं नाही. म्हणून केसांवरून कुणाला आजार आहे असं आम्ही म्हणत नाही. केस नुसतं बोट दाखवतो. खात्रीसाठी लघवी तपासायला हवी. मी बाकी सहा जणींना तसं सांगितलंय, तुम्हीही करा. तोवर एक करता येईल. तुमचे केस लांब आहेत. तुमच्या बटेचा मुळापासून एकेक सेंटिमीटर कापून वेगळा तपासते. बाहेरून लागला असेल तर टोकापर्यंत कुठेही सापडेल. आतून आला असेल, तर कधीपासून आला ते दिसेल."

दहा दिवसांनी ती आलेख घेऊन आली. कागद टेबलावर पसरला तेव्हा हेमाने चष्मा लावला. टोकाकडून निघालेली रेघ कागदाच्या तळाशी सरपटत होती. पाच वर्षं ती तशीच सरपटत आली होती. आणि मुळापासून नऊ सेंटिमीटरवर ती उठली होती. मग जिना चढल्यासारखी, दर सेंटिमीटरला एक पायरी, थेट मुळापर्यंत.

"केस कापले जुलैत," तरन्नुम म्हणाली. "त्यातून नऊ महिने वजा करा. एखादा महिना इकडेतिकडे."

"ऑक्टोबर. गेल्या वर्षीचा."

"ऑक्टोबरात काय बदललं?"

हेमा अपॉइंटमेंटच्या डायऱ्या फेकत नसे. कपाटातून गेल्या वर्षीची काढून तिने पानं उलटली. दसऱ्याच्या आठवड्यात पाण्याचा फिल्टर नवा बसवला. भिंतींना रंग दिला. एक ट्यूबलाइट फुटली होती, तिच्या काचा गोदाबाईंनी गोळा केल्या होत्या.

"ट्यूबमध्ये पारा असतो," तरन्नुम म्हणाली, "पण एका फुटलेल्या ट्यूबने रेघ एकदा उठेल आणि खाली येईल. ही नऊ महिने चढतेच आहे. म्हणजे जे काही आहे ते रोज चालू आहे. अजूनही."

तिने फिल्टरच्या पाण्याची बाटली भरून घेतली आणि ती गेली.

हेमाने डायरी मिटली नाही. त्याच आठवड्यात, बुधवारच्या पानावर, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'सौमित्र, क्रीम, बारा डब्या.' हे पान तरन्नुमसमोर तिने जरा घाईने उलटलं होतं. का उलटलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सौमित्र हा अदबीने बोलणारा तरुण एजंट. त्याने आणलेल्या क्रीमच्या डबीवर रुपेरी चंद्रकोर होती आणि कुठल्याशा परक्या लिपीतली अक्षरं. वांगावर लावा, पंधरा दिवसांत बघा, असं तो म्हणाला होता, आणि खरोखरच पंधरा दिवसांत नीरजाच्या गालांवरचं चार वर्षांचं वांग धुतल्यासारखं गेलं होतं. त्यानंतर दुसरी जाहिरात करावी लागली नाही. बायका स्वतःहून येत, आणि सौमित्र दर महिन्याला नव्या डब्या आणून देई. हेमा प्रत्येकीला आठवड्यातून एकदा पार्लरमध्ये त्याच क्रीमने मसाज करी, हात उघडेच, आणि घरी लावायला एकेक डबी देई. कुणाचा चेहरा उजळला की तिला आपणच काहीतरी घडवल्यासारखं वाटे.

क्रीम असेल का? मनात प्रश्न उठला आणि तिने तो खाली दाबला. दुसऱ्या दिवशी तो दाबून ठेवायला तिला कारणही सापडलं.

"त्या पोरीचा मला फोन आल्ता," फरशी पुसता पुसता गोदाबाई म्हणाल्या. "मासळी खाता का इचारत व्हती. म्हनलं, माळकरी हाय मी. मंग म्हनली, लघवी तपासून घ्या. आता हे काय नवीन?"

म्हणजे गोदाबाई सातांतल्या एक! हेमाला एकदम हलकं वाटलं. गोदाबाईंनी जन्मात फेशियल केलं नव्हतं. आरशात बघतानाही त्या बघत ते आरशावरचे डाग. तरी तिने विचारलंच, "गोदाबाई, आपली ती चंद्राची क्रीम कधी लावलीत का हो तोंडाला?"

"मी? आता या वयात तोंड गोरं करून कुनाला दाखवू?"

झालं. क्रीम नाही. मग गोदाबाई आणि आपण यांच्यात सारखं काय? फिल्टर! दोघी दिवसभर त्याच नळाचं पाणी पितात. गिऱ्हाइकांनाही तेच देतो. हेमाने त्याच दुपारी फिल्टर काढून टाकायला लावला आणि तरन्नुमला फोन करून आपला शोध सांगितला.

चार दिवसांनी तरन्नुमचा उलटा फोन आला. "ताई, पाण्यात काहीच नाही. पाणी चांगलं आहे तुमचं."

शोधाची एक वाईट खोड असते. हवं ते उत्तर मिळालं की माणूस थांबतो, पण प्रश्न थांबत नाही. गोदाबाईंना तिने विचारलं होतं ते 'तोंडाला लावलीत का' एवढंच. तेवढंच विचारून ती मोकळी झाली होती. संध्याकाळी गोदाबाई आल्यावर तिने त्यांना बाकावर बसवलं, चहा दिला.

"इथे आल्यापासून जाईपर्यंत तुम्ही काय काय करता ते सांगा. काही सोडू नका."

"काय करनार? झाडते, पुसते, टावेल भिजवते. बेसीन घासते. रिकाम्या बाटल्या, डब्या येगळ्या काढते."

"डब्यांचं काय करता?"

गोदाबाई जरा चपापल्या. "ताई, चोरी न्हाई केली म्या. टाकायच्याच व्हत्या त्या. कडंला, बुडाशी मलम राहतंया चिकटून. बोटानं काढते आन् रातच्याला टाचंला लावते. लई भेगा व्हत्या, रगत यायचं. ह्या मलमानं भरून आल्या बघा." त्यांनी कौतुकाने चप्पल काढून टाच दाखवली. टाच खरंच मऊ झाली होती.

हेमाने ती टाच हातात घेतली. गोदाबाई "अगो बया" म्हणून पाय ओढायला लागल्या, पण तिने सोडला नाही.

"चोरी नाही हो," ती म्हणाली. "चोरी कसली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पार्लर बंद ठेवून विद्यापीठात गेली. पिशवीत एक न उघडलेली डबी, एक अर्धी, आणि खात्री करून घ्यावी म्हणून कपाटात होत्या नव्हत्या त्या सगळ्या क्रीमच्या बाटल्या. प्रयोगशाळेत तरन्नुमने केसांतले धातू मोजण्याचं कपाटाएवढं यंत्र तसंच राहू दिलं आणि पिस्तुलासारखं एक यंत्र काढलं. ते वस्तूला टेकवून घोडा दाबायचा, आतून क्ष-किरण सुटतात आणि मिनिटभरात पडद्यावर धातूंची यादी येते.

पहिल्या सहा बाटल्यांत काही नव्हतं. प्रत्येक वेळी हेमा पडद्याकडे बघे आणि तिला त्यातही मौज वाटे, हे तिला नंतर आठवून विचित्र वाटलं. उन्हासाठीच्या क्रीममध्ये जस्त निघालं, आणि "बरोबर आहे, असायलाच हवं," असं तरन्नुम म्हणाली. मग चंद्रकोरीची डबी आली. यंत्र टेकवलं. आकडा आला, आणि तरन्नुमने यंत्र पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा तोच आकडा.

"दहा लाखांत एक भाग," तरन्नुम सावकाश म्हणाली. "एवढाच चालतो, तोही चुकून आला तर. यात चौदा हजार आहेत."

"चौदा हजार भाग."

"पाऱ्याने कातडीतला रंग तयार होणं बंद पडतं. म्हणून वांग जातं. पण तो तिथे थांबत नाही. आत जातो, आणि मूत्रपिंडांत जाऊन बसतो."

हेमाने हात पालथे करून पाहिले. या हातांनी रोज पाच-सहा चेहरे. मुळाजवळची पायरी एवढी उंच का, ते आता कळलं. बाकीच्या बायका आपल्या एकाच चेहऱ्याला लावत होत्या, ती सगळ्यांच्या वाटणीचं हातांवर घेत होती.

"सरांशी बोलते," तरन्नुम म्हणाली. "संस्थेकडून रीतसर पत्र जाईल सगळ्यांना. मान्यता वगैरे धरून आठ-दहा दिवस लागतील."

"तुमच्या पत्राला सात जणी माहीत आहेत," हेमा म्हणाली. "माझ्या डायरीत एकतीस आहेत. आठ-दहा दिवस त्या लावत राहतील. पत्र तुमचं जाऊ दे सावकाश. मी आत्ता फोन करते."

तिथेच, प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसून तिने डायरी उघडली. पहिल्या फोनला तिने आधी हवापाण्याचं बोलून पाहिलं, ते जमलं नाही. दुसऱ्यापासून सरळच सांगायला लागली, "मी हेमा. चंद्रकोरीच्या डबीत पारा निघालाय. लावू नका. डबी टाकू नका, मला आणून द्या. लघवीची तपासणी करून घ्या." कोणी घाबरलं, कोणी रडलं. एकीने विचारलं, मग वांग परत येईल का? आम्रपाली म्हणाली, "हेमाताई, सांगितलंत ते बरं केलंत," आणि फोन ठेवला, आणि पुन्हा कधी पार्लरमध्ये आली नाही.

नीरजाचा फोन अकरावा होता. नीरजा ऐकून घेत होती. सगळं सांगून झाल्यावर हेमाने हाक मारली.

"नीरजा?"

"माझे पाय सुजतायत, दोन महिने झाले," नीरजा म्हणाली. "लघवीतून प्रथिनं जातायत. तरन्नुमचा फोन आला तेव्हा मी डॉक्टरांना पाऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, शाकाहारी माणसाला पारा कुठून होणार, आणि हसले. परवा मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासणार आहेत." मग तिचा आवाज कोरडा झाला. "हेमाताई, मी तुमच्याकडे चेहरा घेऊन आले होते. मूत्रपिंडं नव्हे."

"डबी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे येऊ का मी? यंत्राचा आकडाही लिहून आणते."

"या," नीरजा म्हणाली. "मी तुमच्याशी बोलणार नाही. पण या."

ती गेली. नीरजा खरंच बोलली नाही. डॉक्टर मात्र बोलले, आणि या वेळी हसले नाहीत. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली, आकड्याचा कागद दोनदा वाचला आणि वेगळ्याच तपासण्या लिहून दिल्या. तुकडा काढण्याचं राहू द्या, ते म्हणाले, आधी हे बघू. क्रीम बंद केल्यावर असे रोगी बहुधा सुधारतात, वेळ लागतो. पाऱ्याची तपासणी चार दिवसांनी आली, आणि केसांनी दाखवलेलं बोट बरोबर होतं.

सौमित्रचा फोन लागला नाही, नंतर तो नंबरच अस्तित्वात नाही असं ऐकू येऊ लागलं. हेमाने अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन लेखी तक्रार दिली, आणि त्यात 'विकणाऱ्याचे नाव' या रकान्यात सौमित्रच्या आधी स्वतःचं लिहिलं. समोरच्या कारकुनाने ते वाचून वर पाहिलं. "असं कोणी लिहीत नाही," तो म्हणाला. "विकली मी, तर लिहायचं कोणाचं?" असं तिने विचारल्यावर त्याने शिक्का मारला.

पार्लरच्या दारावर तिने पाटी लावली. 'रुपेरी चंद्रकोर असलेली क्रीम आमच्याकडून घेतली असल्यास वापरू नये. तीत पारा आहे. डबी परत आणून द्यावी. चूक आमची आहे. अधिक चौकशी आत येऊन करावी, बाहेर उभे राहून चर्चा करू नये.' पेठेत पाट्या वाचणाऱ्यांची वाण नाही. आठ दिवसांत चोवीस डब्या परत आल्या, आणि हेमाने कधी न विकलेल्या निराळ्या क्रीमच्या तीन डब्याही. त्या तिने तरन्नुमच्या यंत्राखाली धरल्या. त्यांतल्या दोनमध्ये पारा होता. तरन्नुमच्या मार्गदर्शकांनी प्रबंधात एक प्रकरण वाढवायला सांगितलं.

गोदाबाईंना घेऊन हेमा स्वतः दवाखान्यात गेली. दोघींची मूत्रपिंडं ठीक निघाली, पारा मात्र दोघींतही होता. परतताना रिक्षात गोदाबाई चप्पल काढून टाच न्याहाळत होत्या.

"कसला विचार करताय?"

"टाच पुन्हा फुटंल आता."

"कोकम तेल आणलंय तुमच्यासाठी. पूर्ण भरलेली बाटली. आणि गोदाबाई, यापुढे उरलंसुरलं काही घ्यायचं नाही. हवं ते मागायचं."

"तुमी भरलेलं दिलं असतं तं मला जादाच पारा झाला असता," गोदाबाई म्हणाल्या. हेमाला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

मार्चमध्ये सात जणींच्या बटा मुळापासून पुन्हा घेतल्या. सहाच जणी आल्या, आम्रपालीचे तरन्नुमने तिच्या बँकेत जाऊन घेतले. नीरजा आली तेव्हा तिच्या पायांवर सूज नव्हती. गालांवर वांग परतलं होतं, पूर्वी होतं तिथेच. ती खुर्चीत बसली, मान पुढे केली आणि म्हणाली, "बट काढून झाली की खालून दोन इंच कापा. सरळ कापा, तेवढं येतं तुम्हाला." पाच महिन्यांनी तिने हेमाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. हेमाने दोन इंच कापले, सरळ.

पंधरा दिवसांनी एका दुपारी तरन्नुम निकाल घेऊन आली. सातही जणींची रेघ उतरली होती. सावकाश, पण उतरली होती. हेमाची सर्वांत उंच होती, तीही निम्म्यावर आली होती. हेमाने कागद खिडकीजवळ नेला आणि मुळाकडून टोकाकडे, टोकाकडून मुळाकडे असा दोन्ही बाजूंनी वाचला. पाऱ्याची रेघ तिला आता पाठ होती. पण या वेळी तरन्नुमने इतर धातूंच्या रेघाही त्याच कागदावर काढल्या होत्या, निरनिराळ्या रंगांत.

"ही हिरवी कसली?"

"स्ट्रॉन्शियम. ती काही धोक्याची नाही. जड पाण्यात असतं."

"मुळाशी काहीच नाही आणि टोकाकडे चढतेय. पाऱ्याच्या अगदी उलट." हेमाने रेघेवरून बोट फिरवलं. "पण एकसारखी चढत नाही. इथे, पस्तीस-छत्तिसाच्या आसपास, एकदम उडी आहे."

तरन्नुम पुढे झुकली. "ते बाहेरून बसतं, अंघोळीच्या पाण्यातून. केस जितका जुना तितक्या वेळा धुतलेला, म्हणून टोकाला जास्त. पण उडी… ती मी पाहिली नव्हती."

"तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत काय झालं होतं?" हेमा स्वतःशीच बोलत होती. "थांबा. बोअरवेलचं पाणी कधी बंद झालं ते सेक्रेटरींना माहीत असेल. नाहीतर माझ्या डायरीत असेलच, त्या दिवशी मी केस धुवायची सगळी गिऱ्हाइकं पुढे ढकलली होती."

आणि ती स्टूल घेऊन कपाटाकडे गेली.